भिंतीवर सगळं हिरवं

वाइसेलाच्या जिल्हा कचेरीत दुसऱ्या मजल्यावर एक भिंत आहे. त्या भिंतीवर जेवढं खोटं बोललं गेलंय, तेवढं आमच्या अख्ख्या मासळीबाजारात बोललं गेलं नसेल. मासळीवाली निदान माशाचे कल्ले उघडून दाखवते, म्हणते बघ बाबा, लाल आहेत की नाही. कचेरीत लाल दाखवायचीच चोरी.

भिंत म्हणजे एक मोठा स्क्रीन. त्यावर जिल्ह्याचा नकाशा, नकाशात बेटं, बेटांवरचे दवाखाने आणि शाळा, आणि त्या सगळ्यांना जोडणाऱ्या नेटवर्कच्या रेघा. रेघ हिरवी असली की वाट मोकळी. पिवळी असली की गर्दी. लाल झाली की वाट तुंबली, धावा. नवा टॉवर कुठं उभारायचा, कुणाची लाइन वाढवायची, पैसा कुठं घालायचा, हे दरवर्षी त्या रंगांकडं बघून ठरायचं. निदान ती भिंत मांडली तेव्हा तसं ठरलं होतं.

ती मांडली वेलमिना सापुलेत्तेनं. गाव तिला उसी वेलमा म्हणतं, म्हणजे वेलमाताई. हातुसिलाची पोर, बाप होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. मोठ्या शहरात, मकासरला जाऊन नेटवर्कचं शिकली आणि परत आली, हेच आमच्याकडं नवल. शिकलेला माणूस सहसा परत येत नाही. पहिली पाच-सहा बेटं तिनं स्वतः होडीतून हिंडून जोडली. वाटेत ओकायची, तोंड धुवायची, खांबावर चढायची. आवाज असा की खाडीच्या अलीकडून हाक मारली तर पलीकडचं कुत्रं उठून उभं राहावं. नवरा चर्चच्या गायकमंडळात मोठ्या आवाजाचा म्हणून प्रसिद्ध, पण घरी त्याचं काही चालत नाही. तळलेली केळी आणि झणझणीत साम्बल, म्हणजे मिरचीचा ठेचा, एवढ्यावर ती दिवस काढते आणि वर दुसऱ्याला म्हणते, तुझा चेहरा का असा आंबट.

तिचं एक बोलणं ठरलेलं. “आकडे वाचून साहेबाला झोप येते, चित्र बघून तो उठतो. म्हणून चित्र काढायचं.” आणि चित्रं ती काढायचीही छान. कुठल्या बेटाची लाइन कोणत्या वेळी भरते, कुठं दोन लाइनी आहेत पण एकाच खांबावर लटकतायत, कुठं एक तार तुटली तर तीन गावं आंधळी होतील, सगळं रंगात. तिच्या एका चित्रावरून मागं एका शाळेची लाइन डोंगराला वळसा घालून न्यायची ठरली, आणि दरड कोसळली तेव्हा तीच वाचली. तेव्हा कचेरीच्या साहेबांनी, पाक लेओंनी, तिचं भाषणात कौतुक केलं होतं. आता त्याच पाक लेओंचं ऐका.

जाकार्ताहून कोणी मोठा पाहुणा यायचा होता. उसी वेलमा तेव्हा रजेवर होती, गावी पेलाचा सोहळा होता. पेला म्हणजे आमच्या दोन गावांमधली जुनी शपथ. हातुसिला ख्रिस्ती, समोरचं नुसाहेरु बेट मुसलमान. पणज्यांच्या पणज्यांनी एकमेकांचं रक्त चाखून शब्द दिला: तुम्ही मागाल ते आम्ही नाकारणार नाही. चर्चचं छप्पर घालायला नुसाहेरुचे लोक येतात, मशिदीचे खांब हातुसिलाचे लोक वाहतात, आणि आपापसात लग्न करत नाहीत, कारण भावंडं ना. तो शब्द ताजा करायला ती गेली, आणि इकडं पाक लेओंनी भिंतीकडं बघून नाक मुरडलं.

“हे लाल काय लाल? पाहुण्यांना काय वाटेल?” ते म्हणाले. “मास पुर्वो, जरा नीट करा.”

मास पुर्वो हा जावाचा पोरगेला इंजिनिअर. जावाचा म्हणून मास, म्हणजे दादा. हुशार, मऊ बोलणारा, आणि साहेबाला ‘नाही’ म्हणायचं त्याच्या जिभेला माहीतच नाही. आमच्या देशातल्या कचेऱ्यांचा एक धर्म आहे, तो कुठल्या पोथीत नाही पण सगळे पाळतात: बापाक खूश तर जग खूश. बापाक म्हणजे साहेब, पाक हे त्याचंच लहान रूप. तर पुर्वोनं दोन गोष्टी केल्या. लाइन ऐंशी टक्के भरली की लाल व्हायची, ती हद्द त्यानं नव्याण्णववर नेऊन ठेवली. आणि भिंतीवर त्या क्षणाचा आकडा येण्याऐवजी दिवसरात्रीची सरासरी येईल असं केलं. रात्री दवाखाना बंद, शाळा बंद, लाइन रिकामी. तेव्हा सकाळी कितीही चेंगराचेंगरी होवो, सरासरी काढली की सगळं कसं गार. अख्खी भिंत हिरवीगार झाली. पाहुण्यानं फोटो काढून घेतला.

उसी वेलमा परत आली, दारातच थांबली आणि म्हणाली, “हे कुणी केलं?”

“उसी, मी आकडे बदलले नाहीत हं,” पुर्वो म्हणाला. “फक्त रंग बदलले.”

“फक्त रंग! मेल्या, पोराला ताप आला म्हणून थर्मामीटरवरच्या रेघा खरवडून काढतोस, आणि म्हणतोस ताप तर मी बदलला नाही!”

ती पाक लेओंकडं गेली. ते म्हणाले, पाहुणे गेले की पूर्वीसारखं करू. पाहुणे गेले. मग दुसरे यायचे ठरले. मग तिसरे. सरकारी कचेरीत पाहुणे कधी संपलेत? दुसऱ्यांदा भांडायला गेली तेव्हा तिला ताकीद मिळाली: साहेबांच्या हुकमाशिवाय भिंतीला हात लावायचा नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पोरांची शाळा होती, घर होतं. धुमसत राहिली आणि काम करत राहिली. असं दीड वर्ष गेलं.

आता नुसाहेरुकडं बघू. तिथल्या दवाखान्यात हावा म्हणून सुईण-नर्स आहे. बेटावर डॉक्टर नाही. सोनोग्राफीचं यंत्र आहे, हावा तपासते आणि चित्रफीत आंबोन शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडं पाठवते. ते बघतात, म्हणतात घाबरू नका, किंवा म्हणतात ताबडतोब घेऊन या. त्यांचा शब्द आला की दवाखान्याची स्पीडबोट निघते. हावाच्या शंकेवर बोट निघत नाही, डॉक्टरांचा शब्द लागतो. तसा नियम आहे.

आणि रोज सकाळी ती चित्रफीत अडकायची. हावा कचेरीत फोन करायची. मदतीच्या टेबलावरचा माणूस मान वळवून भिंतीकडं बघायचा आणि सांगायचा, “आमच्याकडं हिरवं दिसतंय. तुमची नेटची पेटी बंद करून चालू करा.” ती बिचारी बंद करायची, चालू करायची. दीड वर्ष! एखाद्या शहाण्या बाईला दीड वर्ष पेटीशी असं खेळायला लावायचं आणि वर तिलाच वेडं ठरवायचं, याला काय म्हणावं? चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

पश्चिमेचे वारे सुरू झाले त्या दिवसांत एका सकाळी नुरसिया आली. नवरा कोळी, पहिलंच बाळ, दिवस भरत आलेले. म्हणाली, कालपासून बाळ फारसं हलत नाही. हावानं तपासलं आणि तिला शंका आली. चित्रफीत पाठवली. पडद्यावरची पट्टी सरकेना. फोन केला तर आवाज तुटत होता. तिकडून डॉक्टर म्हणत होते, मला बघू दे, बघितल्याशिवाय कसं सांगू. हावानं पेटी बंद केली, चालू केली, परत पाठवली. कचेरीत फोन केला. “आमच्याकडं हिरवं दिसतंय.”

दुपार कलली तेव्हा चित्रफीत पोचली. डॉक्टरांनी ती बघता बघताच फोन लावला, आत्ताच्या आत्ता निघा. पण पश्चिमेचा वारा दुपारनंतर खवळतो. तोवर स्पीडबोट किनाऱ्यावर ओढून ठेवलेली, लाटा माणसापेक्षा उंच. वरातीमागून घोडं आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे समुद्र जरा बसल्यावर नुरसियाला आंबोनला नेली. ती वाचली. बाळ गेलं होतं.

हावानं कचेरीत फोन केला नाही. तिनं उसी वेलमाला केला.

“पेला,” ती म्हणाली. पेलाची माणसं एकमेकांना हाक तशीच मारतात. “पेला, तुझ्या भिंतीवर हिरवं आहे म्हणे.”

उसी वेलमानं मान वळवून भिंत बघितली, हिरवीच होती. मग हावानं नुरसियाचं सगळं सांगितलं.

“मी मागते तुझ्याकडं,” हावा म्हणाली. “दुसरी लाइन दे. दुसरा टॉवर दे. पेलानं मागितलंय, नाही म्हणू नकोस.”

नाही म्हणता येतच नाही. उसी वेलमानं हो म्हटलं आणि फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडली. मग तोंड धुऊन सरळ पाक लेओंच्या खोलीत गेली.

पुढच्या वर्षीच्या नेटवर्कची आखणी ठरवायची बैठक त्याच आठवड्यात होती, जिल्ह्याच्या सचिव इबू आगुस्तिना यायच्या होत्या; इबू म्हणजे बाई. एक काम होईल एवढा पैसा होता. आणि पाक लेओंचा बेत काय होता, सांगू? भिंत मोठी करायची! नकाशा सगळा हिरवा, नेटवर्क पुरेसं आहे, मग आता दुप्पट मोठा स्क्रीन आणू. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो हा प्रकार.

“नुसाहेरुला दुसरा टॉवर पाहिजे,” ती म्हणाली. “लाइन सकाळी तुंबते. भिंत खोटं बोलते आणि ते तुम्हाला माहीत आहे.”

पाक लेओ ओरडत नाहीत. हसतात. त्याचाच जास्त राग येतो. “इबू वेलमा, तुमचं गाव हातुसिला ना?”

“हो.”

“हातुसिला आणि नुसाहेरु पेला ना? त्यांनी मागितलं की तुम्हाला द्यावंच लागतं. मग तुमचा शब्द मी आखणीत कसा धरू? उद्या प्रत्येक जण आपापल्या पेलासाठी टॉवर मागेल. आपण आकड्यांवर चालतो, नात्यांवर नाही.”

ऐकलंत? आकड्यांवर चालतो म्हणे! ज्या माणसानं आकड्यांना रंग फासला तो आकड्यांच्या गोष्टी सांगतो! उसी वेलमाच्या हातात पाण्याचा पेला होता, तो तिनं फेकला कसा नाही, देवच जाणे. ती म्हणाली, “बरं. आकडे आणते.” आणि दार असं आपटलं की खालच्या मजल्यावर जन्मदाखल्याच्या रांगेतली माणसं दचकली.

पण बोलणं जिव्हारी लागलं ते लागलंच. कारण त्यात एक कण खरा होता. हावानं मागितलं होतं म्हणून ती टॉवर मागत होती. लाइन का तुंबते, हे तिनं स्वतः अजून बघितलं नव्हतं. लाइन लहान आहे, दुसरं काय असणार, असं धरून चालली होती.

रविवारी चर्चहून येऊन तिनं जेवणाच्या टेबलावर संगणक मांडला आणि नुसाहेरुच्या लाइनच्या जुन्या नोंदी काढल्या. आडव्या ओळीत दिवसाचे तास, खाली एकेक दिवस. लाइन जेवढी भरलेली तेवढा चौकोन गडद. चित्र तयार झालं आणि तिनं कपाळावर हात मारला. सगळ्या चित्रभर सकाळच्या तासांवरून वरपासून खालपर्यंत एक काळा पट्टा, चुलीच्या धुरानं भिंतीवर काजळी धरते ना, तसा. शनिवार-रविवार पट्टा नाही. बाकी एक सकाळ सुटलेली नाही. सरासरीच्या पोटात हे सगळं गडप झालं होतं.

तेवढ्यात दारात मास पुर्वो. हातात तळलेल्या केळ्यांचा पुडा, मान खाली.

“उसी, नुरसियाचं कळलं,” तो म्हणाला. “मला झोप येत नाही.”

“येऊ नयेच,” ती म्हणाली. मग खुर्ची ओढून दिली. “बस. रंग लावायची हौस आहे ना तुला? लाव आता खरे. ह्या काळ्या पट्ट्यात काय काय आहे ते वेगळं कर. दवाखान्याच्या चित्रफिती निळ्या, शाळा पिवळी, उरलेलं नारिंगी.”

पुर्वोनं बेटाच्या लाइनची नोंद उघडली आणि कामाला लागला. उसी वेलमाला खात्री होती, निळाच पट्टा मोठा निघेल. बेटावर माणसं वाढलीत, बाळंतपणं वाढलीत, लाइन पुरत नाही. तेच चित्र ती पाक लेओंच्या नाकासमोर धरणार होती.

चित्र उमटलं. निळं म्हणजे नखाएवढी रेघ. पिवळं थोडं. आणि उरलेला सगळा पट्टा नारिंगी.

“हे काय आहे?” ती म्हणाली. “कोण सिनेमे बघतंय तिकडं?”

पुर्वोनं तो नारिंगी गठ्ठा कुठं जातो ते शोधलं. “उसी, हे बाहेर कुठं जात नाही. हे आपल्याकडंच येतंय. आपल्या कचेरीतल्या यंत्रावर.”

“आपल्याकडं काय येतंय?”

“आपेलचे व्हिडिओ.”

आपेल म्हणजे सकाळची हजेरी. सरकारी माणसांनी गणवेश घालून अंगणात रांगेत उभं राहायचं, झेंड्याला सलाम, साहेबांचा उपदेश, मग कामाला. वर्षानुवर्षं चाललंय, त्याला कुणाची ना नाही. पण पाक लेओंना दोन वर्षांपूर्वी कल्पना सुचली की बेटांवरचे लोक आपेलला खरंच उभे राहतात कशावरून? म्हणून हुकूम काढला: प्रत्येक दवाखान्यानं, प्रत्येक शाळेनं रोज आपेलचा व्हिडिओ पाठवायचा. शिवाय प्रत्येकानं आपला स्वतःचा वेगळा, चेहरा आणि गणवेश दिसेल असा. जिल्हाप्रमुख खूश झाले, पाक लेओंना शाबासकी मिळाली. राजा बोले दल हाले. आणि सगळी बेटं एकाच वेळी, सकाळी आपेल संपलं की, रांगेत उभ्या माणसांचे व्हिडिओ ढकलायला लागली.

उसी वेलमानं हावाला फोन लावला. “तू रोज आपेलचा व्हिडिओ पाठवतेस?”

“पाठवते म्हणजे? पाठवावाच लागतो,” हावा म्हणाली. “नाही पोचला तर गैरहजर. दोनदा गैरहजर की भत्ता कापला. जात नाही तर परत परत पाठवतो आम्ही. सगळेच पाठवतात.” मग ती थांबली. “का विचारतेस?”

उसी वेलमानं तिला नारिंगी पट्ट्याचं सांगितलं.

“पेला, त्या सकाळी मी पण पाठवला होता,” हावा म्हणाली. “नुरसिया यायच्या आधी. जात नव्हता म्हणून तीनदा. माझाच व्हिडिओ पुढं होता?”

“तुझ्या एकटीचा नव्हता,” उसी वेलमा म्हणाली. तिकडून हावाचं रडणं ऐकू आलं, आणि उसी वेलमानं फोन कानाला तसाच धरून ठेवला.

मग ती पुर्वोकडं वळली. “आणि मी टॉवर मागत होते,” ती म्हणाली. “दुसरा टॉवर उभा केला असता तर तोही ह्यांनी सलामांनी भरून टाकला असता. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं! आणि मी आणखी एक जातं मागत होते!”

बैठकीच्या सकाळी इबू आगुस्तिना वर आल्या. वयस्क बाई, चष्मा कपाळावर, फारसं न बोलणारी. कॉफी आली, केळी आली. पाक लेओंनी भिंतीकडं हात केला आणि म्हणाले, “बघा मॅडम, आपला जिल्हा.” आणि त्यांचा हात तसाच हवेत राहिला.

भिंत लाल झाली होती. एक-दोन रेघा नाहीत, निम्मा नकाशा. पुर्वोनं सकाळीच हद्द परत ऐंशीवर आणून ठेवली होती, सरासरी काढून टाकली होती, आणि आता तो टेबलाशी चर्चमधल्या पुतळ्यासारखा बसला होता.

पाक लेओंना पहिलं काय सुचावं? “दार लावा,” ते म्हणाले. “कोणी बघेल.”

बेटं तुंबलेली, दवाखाने तुंबलेले, आणि या गृहस्थाला काळजी दाराची!

“लावू नका दार,” उसी वेलमा उठली. “बघू देत. दीड वर्ष कुणी बघितलं नाही.”

“मॅडम, यांचं मनावर घेऊ नका,” पाक लेओ हसत म्हणाले. “या बाई हातुसिलाच्या. नुसाहेरु यांचं पेला आहे, टॉवर पाहिजे त्यांना.”

“हो, आहे माझं पेला!” ती म्हणाली. आता तिचा आवाज खाडी ओलांडून गेला असणार. “आणि टॉवर मागायलाच येणार होते मी. पण आज नाही मागत. एक काडीही मागत नाही. हे बघा.” आणि तिनं तो पट्टा भिंतीवर लावला: काळा, आणि मग त्याच्याच पोटातला नारिंगी. “ही नखाएवढी निळी रेघ म्हणजे गरोदर बाया, आजारी पोरं, ताप, जखमा. हे सगळं नारिंगी म्हणजे आपेल. आपले सलाम. नुरसियाचं बाळ ह्या निळ्यात होतं आणि त्याच्यापुढं ही सगळी रांग गणवेशात उभी होती.”

इबू आगुस्तिनांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि पट्ट्याजवळ जाऊन बराच वेळ बघत राहिल्या.

“हे व्हिडिओ,” त्या म्हणाल्या, “बघतं कोण?”

पाक लेओ म्हणाले, हजेरीचा विभाग बघतो. विभागानं म्हटलं, आम्हाला वाटलं साहेब बघतात. पुर्वोनं न विचारताच यंत्र उघडून दाखवलं. दोन वर्षांचे ढीग. एकही उघडलेला नव्हता. हजेरी लावायला व्हिडिओ पोचला एवढंच यंत्र मोजत होतं; त्यात माणूस आहे की नारळाचं झाड, ते कुणी पाहिलंच नव्हतं.

“तुम्हाला काय करायचंय?” इबू आगुस्तिनांनी विचारलं.

“दवाखान्याचं जे असेल ते आधी जाईल. बाकीचं मागं थांबेल. यंत्रात तेवढी सोय आहे, नवीन काही विकत घ्यायला नको.”

पाक लेओंना अजूनही राहवलं नाही. “आणि आपेलचे व्हिडिओ?”

“येतील की,” उसी वेलमा म्हणाली. “बाळंतिणींच्या मागून.”

इबू आगुस्तिना नुसत्या “करा” म्हणाल्या. पुर्वो आणि उसी वेलमा त्याच टेबलाशी बसले. कॉफी गार व्हायच्या आत नुसाहेरुचं काम झालं, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या बेटांचं.

आता तुम्हाला वाटेल, चला, शेवट गोड झाला. गोड कसला डोंबलाचा! आपेलच्या व्हिडिओंचा हुकूम अजून आहे. वरून निघालेला हुकूम मागं घ्यायचा म्हणजे वरच्याचा अपमान. वर्षअखेरीला पैसा उरला, आणि उरलेला पैसा परत जाणं म्हणजे साहेबांची नाचक्की, म्हणून दुप्पट मोठी भिंतही आली. उसी वेलमानंच ती बसवली, शिव्या घालत. पाक लेओंना बढती मिळाली आणि ते आंबोनला गेले. निरोपाच्या भाषणात म्हणाले, आम्ही दवाखान्यांना प्राधान्य देण्याचा निर्णय घेतला. आम्ही! व्हिडिओ आता दुपारी येतात, कधी संध्याकाळी, कधी दुसऱ्या दिवशी. उशीर झाला म्हणून आजवर एकाही साहेबाचा फोन आलेला नाही.

नुसाहेरुच्या चित्रफिती मात्र आता हावा कॉफी ओतेपर्यंत आंबोनला पोचतात. परवा नुरसिया परत दवाखान्यात आली होती, पुन्हा दिवस गेलेत. हावानं तपासलं, पाठवलं, आणि नुरसिया कपडे नीट करेपर्यंत डॉक्टरांचा फोन आला, सगळं ठीक आहे. नुरसिया हसली नाही. यंत्राकडं बघत राहिली. म्हणाली, नवीन यंत्र आणलंत? हावा म्हणाली, नाही, तेच. मग नवीन टॉवर? नाही, तोच. मग काय केलंत? हावानं सांगितलं. आधी कुणी जायचं, मागं कुणी थांबायचं, ते बदललं.

नुरसियानं विचारलं, “एवढंच करायचं होतं?”

हावानं ते उसी वेलमाला फोनवर सांगितलं आणि विचारलं, मी काय उत्तर देऊ.